पार्बताबाईची शेवंती

पातूरहून अकोल्याकडे निघालं की रस्त्याला लागूनच पार्बताबाईचा फुलांचा मळा आहे. तिथं झेंडू फुलतो, निशिगंध फुलतो, आणि मधोमध टिनाच्या शेडखाली जगानं टाकून दिलेली तट्टं निवांत शेपट्या हलवत उभी असतात. एकाची पाठ वीटभट्टीच्या ओझ्यानं सोललेली, दुसरं टांगा बंद पडल्यावर मालकानं बाजारात सोडून दिलेलं. "बाकीच्यांच्या घरी पावने येतेत, आमच्या घरी घोडे येतेत," असं नवरा भगवंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि सांगता सांगता त्याच घोड्यांना खरारा करायचा.

कुणी म्हणेल, माळ्याच्या बाईला घोड्यांचं काय पडलंय? अहो, वरातीच्या घोडीच्या गळ्यात फुलांच्या झालरी कोण बांधतं मग? पार्बताबाईची सगळी उमर त्यातच गेली. अकोल्याच्या एका लग्नात ती अशीच झालर बांधत होती. घोडीचं नाव बिजली, दोन पायांवर नाचण्यात पंचक्रोशीत नावाजलेली. बाईचा हात मखमली झुलीखाली गेला, तर घोडीचा गुडघा टम्म सुजलेला आणि तव्यासारखा तापलेला.

"हे लंगडून राहिली, खुशालराव. कावून नाचवता इले?"

"सीझन हाय काकू. थांबवू कशी?" घोडीवाला खुशालराव म्हणाला.

सीझन संपला तेव्हा बिजलीला उभंही राहवेना. खुशालरावानं स्वतःच तिला टेम्पोत घालून मळ्यात आणलं आणि मान खाली घालून उभा राहिला. पार्बताबाईनं त्याला तोंडभरून शिव्या दिल्या आणि मग चहा पाजला. घोडीचं नाव तिनं त्याच दिवशी बदललं. बिजलीची शेवंती झाली.

पाय हळूहळू बरा झाला. पण जनावरांच्या डॉक्टर प्रणाली मॅडमनी बजावून सांगितलं, "मावशी, ही पुन्हा नाचली ना, तर पाय कायमचा गेला समजा. मग ती उठणार नाही."

आता आली का पंचाईत! मळा रस्त्यावर, आणि लग्नसराईत रोज एक तरी वरात त्या रस्त्यानं जाणार. पहिल्याच वरातीचा ढोल कानावर पडला, तशी शेवंती दावणीतच थयथय नाचायला लागली. कान मागे, डोळे पांढरे. नाचता नाचता ती वळून वळून मागे बघत होती. पार्बताबाईला कळलं आणि गलबलून आलं. नाच शिकवताना मागून नडगीवर छडी बसत असणार. घोडी हौसेनं नाचत नव्हतीच, छडीच्या धाकानं नाचत होती.

तेव्हापासून वरात दिसली की भगवंत पळत जाऊन मळा ओलांडेपर्यंत ढोल थांबवायला लावायचा. आणि संध्याकाळी शेवंतीपुढे भिजवलेल्या चण्यांचं टोपलं आलं की पार्बताबाई मोबाइलवर बँडचं गाणं लावायची. आधी अगदी बारीक आवाजात. घोडी पाय उचलायची, मागे बघायची. मागे छडी नसे, भगवंत असे, हातात गाजर घेऊन. आवाज रोज थोडा वाढायचा. सगळ्या शिवारात थट्टा झाली. भगवंतही कमी नव्हता. "मले तं बिनागान्याचंबी कधी येवढ्या लाडानं वाढलं नाही," तो म्हणायचा. "तुमी बी नाचून दाखवा मंग," बाई म्हणायची.

अशातच पोराचं, धर्मेंद्रचं, लग्न ठरलं. तेल्हाऱ्याची मुलगी. एकुलत्या एका लेकाची वरात बिनबँडची काढायची तर आईचा जीव तुटतो, आणि बँड दारात आणायचा तर घोडीचा पाय तुटतो. मोबाइलच्या गाण्यावर शेवंती आता पाय उचलत नव्हती, पण मोबाइलचं गाणं वेगळं आणि खरा ढोल वेगळा. शेवटी धर्मेंद्रनंच तोड काढली. "आई, बँड पुढच्या फाट्यावर वाजू दे. मी फाट्यापर्यंत पायी जातो." बाईनं लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला.

सगळं जमलं होतं. पण घरात लग्न आणि मळ्यात मणभर झेंडू, माळणीचा हात थांबतो होय? पार्बताबाईनं आनंदाच्या भरात सगळ्या तट्टांना माळा घातल्या, आणि शेवंतीला तर कपाळापासून शेपटीपर्यंत मढवलं, पुढ्यात चण्यांचं टोपलंही ठेवलं. तिथंच घात झाला. बँडमास्तर श्यामला फाट्याचा निरोप कुणी दिलाच नव्हता. तो फाटकाशी आला, त्यानं नटलेली घोडी पाहिली, नवरदेवाची घोडी हीच असं धरून चालला आणि थेट तिच्यासमोर जाऊन त्यानं ढोलावर टिपरी हाणली.

पार्बताबाई घरात लेकाला कुंकू लावत होती. ती करंडा टाकून धावली. पण मध्ये वऱ्हाडाची ही गर्दी! "थांबवा वं माय, थांबवा!" ती ओरडत होती, आणि बँडपुढे कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. लोकांच्या डोक्यांवरून तिला फक्त शेवंतीचे कान दिसले. ते मागे गेले. मग पुढचा एक पाय वर आला. बाईनं डोळेच मिटले.

उघडले तेव्हा शेवंती मान वळवून मागे बघत होती. मागे कुणी नव्हतं. तिनं पाय खाली ठेवला, फुरफुरली आणि चण्यांच्या टोपल्यात तोंड खुपसलं.

श्यामनं ढोल आणखी जोरात बडवला. ट्रम्पेटवाल्यानं तर तिच्या कानाशी सूर लावला. घोडी आपली कुडुम कुडुम चणे चावतेय.

"काकू, नाचत कावून नाही हे?" श्याम वैतागून म्हणाला. "नाचवा ना इले!"

पार्बताबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू आवरत नव्हतं.

"जेवून राहिली ना ते! लग्नाच्या घरी कोनाले पंगतीतून उठवतेत का, बाप्पा?" ती म्हणाली. "तू वाजव. कमी नको करू."

आणि पदर खोचून ती स्वतःच बँडपुढे नाचायला उभी राहिली.