हौसिंगमधली केळी

मिल बंद पडल्यावर बटाटे वाहायला मी जुना पिकअप घेतला. रिकामा विमानासारखा पळायचा. माल भरला की चढावर म्हशीसारखा बसायचा. मिस्त्रीनं मागच्या चाकांमधलं हौसिंग, म्हणजे गिअरची लोखंडी पेटी उघडली, तर काळ्या तेलात कुजलेली केळी बदबदा बाहेर! गिअरचा आवाज दाबायला जुन्या मालकानं कोंबलेली. त्या वासानं सुदामा नगरातले कावळे गाव सोडून गेले.

"भिया, दाते मोजा, त्याशिवाय चक्रांची जोडी कुठली ते कळणार नाही," मिस्त्री नाक दाबून म्हणाला. "गाडी तुमची, हात तुमचा."

पोटासाठी कोपरापर्यंत हात घातला. मोठ्या चक्राला सदतीस, छोट्याला नऊ. म्हणजे पळायची जोडी, ओढायची नव्हे. एकेचाळीस-आठची बसवली. गौतमपुऱ्याहून भरली गाडी चढ चढली. पण महिनाभर मी डाव्या हातानं जेवलो.