कव्हरवर नाव आत्याचं, फोटो दुसरीचा

मंडळी, यवतच्या सायबर कॅफेतून लिहितोय. दुपारपासून जिवाला चैन नाही.

आज शिरूरच्या बाजारात भंगारवाल्याकडं भीमगीतांची जुनी रेकॉर्ड सापडली. कव्हरवर माझ्या आत्याचं नाव! तरुणपणी ती मुंबईला जाऊन गायली होती, पण रेकॉर्ड तिला कुणी कधी दिलीच नाही. तसाच एसटीनं भांडगावला तिच्याकडं गेलो.

कव्हरवरच्या गोऱ्यापान बाईकडं आत्या बघतच राहिली. "ही कोन रं?"

"छापणाऱ्यांनी लावला असंल कुणाचा तरी फोटो."

"मंग आत आवाज तरी माझाच हाय का?"

गावात चार घरं फिरलो, पण रेकॉर्ड वाजवायला प्लेअर कुठंच मिळाला नाही. मी निघालो तेव्हाही कव्हर तिच्या मांडीवरच होतं.

दौंड-शिरूरकडं कुणाकडं चालू रेकॉर्ड प्लेअर आहे का? उद्याच आत्याला घेऊन येतो.