आत्याची खारी माती

आमची आत्या आभाळाकडे कधी पाहायची नाही. ढग भरून आले, शेजारपाजारचे लोक अंगणात येऊन वर बघू लागले, की ही उलट घरात शिरायची आणि मान वर करून छताच्या कड्या न्याहाळायची. पाऊस आभाळातून येतो खरा, पण माणूस मरतो तो छताखाली, असं तिचं म्हणणं. धाब्याच्या घरात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना हे समजावायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की मातीच्या भिंती, वर लाकडी तुळई, तुळईवर कड्या, त्यांच्यावर काटक्या नि पळसाचा पाला, आणि सगळ्यांच्या वर मातीचं सपाट छत, ते धाबं. श्रावणातली झड लागून चार-पाच दिवस पाऊस हटला नाही की ते पाणी पिऊन जड होतं.

वडील अमडापूरच्या शाळेत मास्तर होते. सारं गाव त्यांना नाना म्हणे, आम्हीही तेच म्हणायचो. शाळेवर कौलं घालायचा हुकूम नागपूरहून यायचा होता, तो माझ्या लहानपणात काही आला नाही. मग मास्तरांच्या घराला कुठली कौलं? आत्या नानांची थोरली बहीण. तिला नांदुऱ्याकडच्या खेड्यात दिली होती. माझ्या आईला माहेरचं कोणी नव्हतं, म्हणून तिच्या पहिल्या बाळंतपणाला वैशाखात आत्या आमच्याकडे आली. मूल अशक्त निघालं, म्हणून श्रावणापर्यंत राहिली. त्याच श्रावणात झडीनं तिच्या सासरचं धाबं बसलं आणि तिचे यजमान त्याखाली गेले. ती परत गेलीच नाही. ते अशक्त मूल म्हणजे मी.

"मी नोती म्हणून त्या साली माती टाकाची राह्यली," असं ती दरवर्षी एकदा म्हणायची. रडायची नाही. मला तर तिनं कधी बोल लावला नाही, पण ते वाक्य आलं की मी उठून परसात जायची.

वैशाख लागला की आत्या पदर खोचायची. गावाबाहेरच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या ओसाड गावठाणातून, खारी माती आणायची, कारण तिच्यातून पाणी झिरपत नाही. काळी माती तिला चालायची नाही. मी मोठी म्हणून टोपली माझ्या डोक्यावर. ऊन तापायच्या आत दहा खेपा, उतरल्यावर आणखी दहा. ती वर उभी राहून माती पसरायची, चोपायची, पन्हाळाकडे उतार काढायची. माती झाली की जळणाच्या तुराट्या नि गोवऱ्या उंच माच्यावर, दाराशी कुदळ, दोर, घोंगड्या, आणि भाजलेल्या पिठाचं गाठोडं. वैशाख म्हटला की मला अजून आंबे आठवत नाहीत, मान आठवते.

आणि तिची ती कवायत! भर दुपारी जेवताना ती एकदम म्हणायची, "कडी बोलली," म्हणजे करकरली, की सगळ्यांनी ताटावरून उठून गोठ्यात जायचं, कारण गोठ्याचं छप्पर गवताचं, हलकं. धाकटा भाऊ घोंगडी घेणार, आई विस्तवाचं मडकं घेणार, मी गाठोडं. नाना हातात घास तसाच धरून निमूट चालायचे. शेजारीण कुंपणावरून हसायची. मलाही फार लाज वाटायची.

नानांनी एकदाच सुचवून पाहिलं होतं. "बाई, नवी टाकाच्या आंधी जुनी थोडी उकरू." आत्यानं मान हलवली. जुनी माती बसलेली असते, तिला छेडलं की पाणी वाट काढतं, असं तिचं मत. थोरल्या, तशात विधवा बहिणीशी वाद कोण घालणार? नाना वर्गात तासन्‌तास बोलत, घरात गप्प बसत.

माझं लग्न ठरायच्या आधीच्या श्रावणात झड लागली. पाचव्या दिवशी सकाळी आई भाकरी थापत होती आणि कडी खरंच बोलली. आत्या काही म्हणायच्या आतच आम्ही उठलो होतो. ज्यानं त्यानं आपापलं सामान उचललं नि गोठ्यात आलो. तेवढ्यात स्वयंपाकघराचं धाबं चुलीवर बसलं. आई बघत राहिली. भाकरी तव्यावरच होती.

मधल्या घराची तुळई वाकली होती. नाना कुदळ घेऊन शिडीनं वर गेले आणि खणू लागले. एक थर, त्याखाली दुसरा, त्याखाली आणखी. कुदळ मांडीइतकी खोल गेली तरी पाला लागेना. वरूनच ते म्हणाले, "बाई, पान्यानं नाही होऊन राह्यलं हे. वजन हाय. आपनच टाकलेलं."

आत्या पावसातच वर चढली. तिसऱ्या प्रहरापर्यंत ती दोघं आणि शेजारचे दोघे-तिघे माती खाली लोटत होते. मधलं घर वाचलं.

गोठ्यात ती भिजलेली बसली होती. आईनं अंगावर घोंगडी टाकली, ती तिनं सावरलीसुद्धा नाही. तशीच म्हणाली, "नाना, तिकडं सासरीबी जुनी माती कोनी कधी उकरली नोती. म्या त्या साली जाऊन टाकली असती, त?"

"त आनखी पयले बसलं असतं," नाना म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या तळहातांकडे. "मंग पंधरा वर्सं फुकटच वाह्यली म्हना माती."

मला रडू आवरेना. माझ्या मानेवरचं ओझं त्या दिवशी उतरलं असं मी म्हणेन; तिचं उतरलं की नाही, ते काही तिनं सांगितलं नाही.

पुढं मला चिखलीला दिली. पहिल्या बाळंतपणाला अमडापूरला आले, तेव्हा पुन्हा श्रावण होता आणि झड लागली होती. धाबं आता दरसाल नाना आधी उकरून घेत. दाराशी ना कुदळ होती ना गाठोडं. भर दुपारी माझ्या बाळाला कुशीत घेऊन आत्या मधल्या घरात तुळईखाली झोपली होती, तोंड किंचित उघडं टाकून. पावसात झोपलेली आत्या मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. किती थकली होती ती! त्याच हिवाळ्यात ती गेली.

त्या दुपारी आई आत्याला चहाला उठवायला आली, तिला मी हातानंच थांबवलं. आणि मान वर करून कड्यांकडे बघत बसले.