शनिवारचा वर्ग आणि डचांचं गाव

बाळांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओवर तुम्ही विचारलंत, "आजी, शनिवारचा मराठीचा वर्ग अजून आहे का?" मी "आहे, आहे" म्हणाले आणि लगेच तुमच्या पडलेल्या दातांची चौकशी सुरू केली. उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं लांबलचक आहे आणि फोनवर मला मुद्द्याला धरून बोलता येत नाही, म्हणून लिहिते. अडेल तिथे आईकडून वाचून घ्या.

तुम्ही हॅम्बुर्ग सोडून टोरांटोला गेलात, मग आणखी दोन कुटुंबं म्युनिककडे गेली. वर्गात तीन मुलं उरली. पुढच्या वर्षासाठी खोली हवी की नको, हे बाईंना सोमवारपर्यंत, वर्ग भरतो त्या केंद्राच्या ऑफिसात कळवायचं होतं. बाई म्हणजे तुमच्याच बाई. आम्हीही त्यांना बाईच म्हणतो, फक्त अगंतुगं करून. त्यांचा स्वतःचा मुलगा या वर्गाचा पहिला विद्यार्थी. खोली नको असंच कळवायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. तेव्हा आमची नागपूरची मैत्रीण म्हणाली, "घरी बसून तोंड पाडण्यापेक्षा चल, डचांचं गाव बघू."

वर्गाला सुट्टी होती त्या शनिवारी आम्ही तिघी निघालो. हॅम्बुर्गच्या आल्टोना स्टेशनवरून फ्रीडरिशश्टाटला, म्हणजे त्या डचांच्या गावाला, थेट गाडी आहे. मी थर्मास, तिखटमिठाच्या पुऱ्या, तीन छत्र्या आणि परतीच्या गाड्यांच्या वेळा लिहिलेला कागद घेतला होता.

गाडीत नागपूरकरीण म्हणाली, "बाई, मी आत्ता स्टेशनला बानहोफ म्हणाले. उभी राहू?"

तुम्हाला आठवत असेल, वर्गात एक जर्मन शब्द निघाला की उभं राहायचं आणि वाक्य पुन्हा मराठीत म्हणायचं. धाकट्या, तू तर एका तासात सातदा उभा राहिला होतास. बाई हसल्या नाहीत.

आता गावाबद्दल. सुमारे चारशे वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये धर्मावरून भांडणं झाली. तिथून निघालेल्या लोकांना इथल्या ड्यूकनं जागा दिली. त्यांनी काय केलं असेल? घरच्यासारखे कालवे खणले, घरच्यासारखी अरुंद, उंच घरं बांधली. छपरापुढच्या भिंतीच्या दोन्ही कडा पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढत जातात. दारांवर दगडी चिन्हं आहेत, कुठे पवनचक्की, कुठे मासा. घराला नंबर नसताना पत्ता असाच सांगत असणार. मी एकेका दारापाशी थांबत होते आणि नागपूरकरीण घाई करत होती.

"तुझ्या दारावर काय कोरायचं?" मी विचारलं.

"प्रेशर कुकर. खाली तीन शिट्ट्या."

डचांनी बांधलेल्या चर्चचं दार उघडं होतं. आम्ही तिघींनी सवयीनं बाहेर बूट काढले, ओळीनं लावले आणि मोज्यांवर आत गेलो. फरशी बर्फासारखी गार होती. आत फुलं लावत असलेल्या एका स्त्रीनं आमच्या पायांकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या तीन जोड्यांकडे.

"काही सांडलंय का बाहेर?" तिनं काळजीनं विचारलं.

कारण सांगितल्यावर ती हसली. म्हणाली, हॉलंडात शेतकरी लाकडी जोडे दाराबाहेर काढायचे, पण चर्चबाहेर बूट आज पहिल्यांदाच पाहिले. ती जी बोलायला लागली ती थांबेना. बाईंनी इतका वेळ दाबून ठेवलेला प्रश्न विचारला, "इथे डच बोलणारं शेवटचं माणूस कोण होतं?"

"माहीत नाही. कोणी नोंद केली नाही. प्रवचन मात्र फार काळ डचमध्येच चालू ठेवलं होतं. घरोघरी जर्मन आलं होतं, तरी."

"मग ऐकणाऱ्यांना कळायचं?"

"म्हाताऱ्यांना कळायचं. बाकीचे बसून राहायचे. किंवा यायचेच नाहीत." तिनं खांदे उडवले. "आता जर्मनमध्येच असतं. म्हणून तर मी येते."

"तुमचे पूर्वज हॉलंडचे?"

"छे, मी ड्रेस्डेनची. लग्नानंतर इथे आले. किल्ली माझ्याकडे असते."

बाई मागच्या बाकावर बसल्या, पाय वर घेऊन. मग म्हणाल्या, "अगं, माझी जी मुलं वर्ग सोडून गेली ती सगळी काही गाव सोडून गेली नाहीत."

हे खरं होतं. निदान चार मुलं अजून हॅम्बुर्गमध्येच आहेत. त्यांना यायचं नव्हतं, आणि का ते नागपूरकरणीला आणि मला माहीत होतं. मी बाईंना कधी बोलले नव्हते. धाकट्या, तुमच्या आईनं मला दोनदा सांगितलं होतं की सातदा उभा राहिलास त्या दिवशी तू घरी येऊन रडलास. ते मी पोटात ठेवलं. चूक माझीही आहे.

परतीच्या गाडीत मी ते बाईंना सांगितलं.

"हे तू मला आत्ता सांगतेस?" त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. एल्म्सहॉर्न स्टेशन गेल्यावर म्हणाल्या, "पुरी आहे का उरलेली?"

सोमवारी त्यांनी खोली हवी म्हणून कळवलं, पण मोठी नाही, स्वयंपाकघराशेजारची छोटी. उभं राहायचा नियम काढून टाकला. गेलेल्या चार घरी स्वतः फोन केले. दोघांनी बघू म्हटलं, एकानं नको म्हटलं, एक मुलगी आली.

सध्या शनिवारी दहा ते अकरा वर्ग भरतो. चार मुलं येतात. बाई गोष्ट मराठीत सांगतात, मुलं मध्येमध्ये जर्मनमध्ये विचारतात, आणि उत्तर त्यांना मराठीत मिळतं.