कोरडा ब्रश

माझ्या हातात ब्रश दिला, तो कोरडा होता. समोर होड्यांचं चित्र, आधीच रंगवलेलं. कोपऱ्यात दुसऱ्या मुलीचं नाव होतं, त्यावर बाईंनी पांढरी पट्टी चिकटवली.

"हात लावू नको गे पाप्पा. फोटो होईपर्यंत चुप्प बस."

अण्णा नगरच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात मुलांसाठी रंगखोली होती. पैसे भरणाऱ्यांची मुलं रोज आत बसायची. आम्ही धर्मादाय खाटांवरची. आम्हाला दारातून बघायची मुभा. मी आठ वर्षांची, रक्ताचा आजार, डोक्यावर एक केस नाही. बाबा सांगलीकडून तमिळ मुलखात येऊन गलाईच्या, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या दुकानात भट्टीवर, ॲसिडात राबायचे. आई गावाला, धाकट्या भावापाशी. मला तमिळ येत नव्हतं. रंगखोलीच्या बाई तंजावरकडच्या मराठी घरातल्या, लहान मुलांना तमिळसारखं 'पाप्पा' म्हणायच्या. त्या पहिल्यांदा मराठीत बोलल्या, तेव्हा आपलं माणूस भेटलं असं वाटलं होतं.

त्या दिवशी खोलीला देणगी देणारे पाहुणे येणार, म्हणून आम्हाला नवे फ्रॉक घालून आत नेलं. रंगाच्या बाटल्या मात्र कपाटात. फ्रॉक खराब झाले असते ना.

एका साहेबांनी चित्राची वाहवा केली आणि माझ्या टकलावरून हात फिरवला. माझं डोकंच फिरलं. मी मोठ्यानं म्हणाले, "हे चित्र माझं नाही. मला रंग दिलेच नाहीत."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई हसून तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या. त्यातला 'नंद्री' एवढाच शब्द माझ्या लक्षात राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी ब्रश फेकला. दाराशी उभे असलेले बाबा धावत आले. वाटलं, मला उचलून बाहेर नेतील. त्यांनी ब्रश उचलला. ॲसिडनं पिवळ्या पडलेल्या बोटांनी माझ्या मुठीत परत कोंबला.

"धर गं बाय. खाट जाईल आपली."

मी धरला. फोटो निघाला. इतकी लाचार मी पुन्हा कधी झाले नाही. बाबांचा रागही येईना.

संध्याकाळी वॉर्डातल्या आयाला विचारलं, नंद्री म्हणजे काय? तिनं हात जोडून दाखवले. म्हणजे आभार. मी बोलले त्याच्या जागी बाईंनी माझ्या तोंडी आभार घातले होते. त्या दिवसापासून मी आयाजवळ तमिळ शिकायला बसले. सुई टोचत असतानासुद्धा.

तो फोटो अजून हॉस्पिटलच्या भिंतीवर आहे. बऱ्या झालेल्या मुलांपैकी एक म्हणून परवा मला समारंभात बोलायला बोलावलंय. बाबा म्हणतात, "चार शब्द बरं बोल. त्यांच्यामुळं जगलीस." जगले, खरं आहे. डॉक्टरांचे आभार मी मानणारच.

मग त्या फोटोखाली उभी राहून सांगणार आहे, हे चित्र माझं नाही. मला रंग दिलेच नाहीत. तमिळमध्ये सांगणार आहे. मध्ये कोणाला बोलू देणार नाही.