एका मिनिटात जनावरं

म्हाताऱ्यांना शब्द किती पटापट आठवतात हे तपासायला नगरहून एक मुलगी आमच्या पारनेरजवळच्या वस्तीवर आली. आम्ही नवराबायको दोघंही धडधाकट, म्हणून तिला हवेच होतो. "एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा," ती म्हणाली. मी गाय, कालवड, वासरू, गोऱ्हा, खोंड, बैल, वळू असा गोठ्यातच फिरत राहिलो आणि मिनिट संपलं.

"हे सगळं एकच धरायचं, आजोबा."

दावणीपाशी जन्म गेलेल्या माणसाला एक मार्क. बायकोनं नातवाच्या तक्त्यावरचे वाघ, सिंह, झेब्रा, जिराफ घडाघडा म्हणून चौदा मिळवले, वर माझ्याकडं बघून हसली.

संध्याकाळी धार काढायला तिनं बादली उचलली, तसं मी म्हणालो, "आज जिराफाची काढ."