सांतोरिनीच्या कड्यावरचे नाना

पहाटे आगबोट बेटाजवळ आली तेव्हा मला प्रथम वाटले, कड्याच्या माथ्यावर बर्फ पडले आहे. उजाडले तसे कळले की ती घरे आहेत. एकाला एक चिकटलेली, चुन्याने पांढरीशुभ्र. खाली काळातांबडा तुटलेला डोंगर आणि त्याखाली समुद्र. इतक्या कडेला माणसे संसार थाटतात तरी कशी!

इंग्लंडातले कापडगिरणीचे शिक्षण संपवून मी घरी निघालो होतो. वाट वाकडी करून ग्रीस देशातल्या या बेटावर उतरलो तो वडिलांच्या शब्दाखातर. पारोळ्याला वडील काट्यावर कापूस तोलत त्या जिनात (सरकी काढायच्या कारखान्यात) पूर्वी एक ग्रीक गृहस्थ कापूस खरेदीला असत. नाव यानिस, हमालांनी त्यांचे नाना केले. प्लेगात गाव ओस पडले, वडील घरच्यांपासून दूर, गावाबाहेरच्या झोपडीत एकटे तापाने फणफणत होते, तेव्हा नानांनीच त्यांची शुश्रूषा केली. मी लहान, मला भडगावला मामाकडे धाडले होते. निघताना वडील म्हणाले होते, "त्याना पायवर डोकं ठेईसन ये." (त्यांच्या पायांवर डोके ठेवून ये.) पण नाना हयात आहेत की नाहीत, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

होडीतून धक्क्यावर उतरलो. वर जायला नागमोडी पायऱ्या आणि चढायला गाढव. माझे गाढव भिंत सोडून नेमके दरीच्या कडेने चाले. एका वळणावर वाऱ्याने टोपी उडवली, ती गिरक्या घेत समुद्रात गेली. गाढववाला पोट धरून हसला, पण लगेच स्वतःचा रुमाल सोडून त्याने माझ्या डोक्याला बांधला. "यानिस, इंडिया," एवढेच मी त्याला म्हणालो. त्याने थेट एका निळ्या दारासमोर नेऊन उभे केले.

दारात एक म्हातारे गृहस्थ उन्हाला बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू. मी पायांवर डोके ठेवले तसे ते दचकले. मग माझे खांदे चाचपत म्हणाले, "कोना पोऱ्या तू?" (कोणाचा मुलगा तू?)

समुद्रापलीकडे, त्या परक्या कड्यावर, आमची अहिराणी! मी वडिलांचे नाव सांगितले.

"काटावाला शिवराम? जित्ता शे?" (जिवंत आहे?)

"शे, नाना. तुमनामुळेच शे."

त्यांनी बायकोला हाका मारमारून घर डोक्यावर घेतले. इरिनीबाईंनी फावा (पिवळ्या डाळीचे घट्ट वरण) आणि जाड पाव वाढला. डाळीची चव थेट आपल्या पिठल्याच्या कुळातली. नाना दर घासाला विचारत, "मिरचीबिगर गोड लागस का रे?"

जेवता जेवता त्यांनी विचारले, "तुनी माय कशी शे?"

"ती वारली, नाना. मी विलायतेत असतानाच."

त्यांचा हात ताटावरच थांबला. मग म्हणाले, "आते सांगाले हरकत नही. तुना बाप उठना आनि मी पडनू. गाठ ऊनी. बठ्ठा पळी गयात. तुनी माय एकटी ऊनी. तिनी माले पेज पाजी, मनी गाठ शेकी. मी उठनू तव्हय म्हने, नाना, घरमा सांगानं नही." (तुझा बाप बरा झाला आणि मी पडलो, गाठ आली; सगळे पळून गेले, तुझी आई एकटी आली, तिने मला पेज पाजली, माझी गाठ शेकली, आणि मी उठलो तेव्हा म्हणाली, घरात सांगायचे नाही.)

सासुरवाशीण बाई परक्या पुरुषाच्या झोपडीत गेली, हे कळते तर आजीने तिला पुन्हा चुलीजवळ येऊ दिले नसते. आईने आयुष्यभर त्याचा चकार शब्द काढला नाही. मी उपकार फेडायला आलो होतो. आणि इरिनीबाई माझेच हात कपाळाला लावून रडत होत्या. नाना त्यांचे बोलणे मला सांगत होते: "ती म्हनस, तुनी मायनी मना घरधनी माले परत धाडा." (तुझ्या आईने माझा नवरा मला परत पाठवला.)

सकाळी त्या मला कड्याच्या टोकावरच्या चिमुकल्या देवळात घेऊन गेल्या. मेणबत्ती लावली. धर्मगुरूच्या कानात काही सांगितले आणि त्यांच्या अनोळखी मंत्रांमधून एकदम आईचे नाव आले: "काशी." खाली समुद्र गर्जत होता. आईने उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता.

निरोप घेताना नाना पायऱ्यांच्या तोंडापर्यंत आले. "शिवरामले सांग बरं का," म्हणाले. मी मान हलवली. मग त्यांना दिसत नाही हे आठवून मोठ्याने "हो" म्हणालो.

पुढे प्रवासात कैरो पाहिले, एडनही पाहिले. मन मात्र कशात लागले नाही. आपल्या आईची ओळख व्हायला मला इतक्या दूर जावे लागले, आणि ती करून देणारा माणूस जिवंत भेटला, याचे मी देवाजवळ आजही आभार मानतो.

पारोळ्याला पोहोचल्यावर ओसरीवर वडिलांना सगळे सांगितले. ते खाली मान घालून ऐकत राहिले. "माले वाटे, ती वावरमा जास," (मला वाटायचे, ती शेतात जाते) एवढेच पुटपुटले.

मग उठले. आत जाऊन माझ्या दोन्ही वहिनींना आणि बहिणीला हाक मारली, भाकरी तव्यावर असतील तर उतरवून या म्हणाले. साऱ्याजणी ओसरीवर येऊन बसल्यावर वडील माझ्याकडे वळले.

"आते पहिलेपासून सांग," ते म्हणाले. "जोरमा सांग."